चिमूटभर चुन्याचा इतिहास

कोंकणच्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. आणि वैभववाडीसारख्या घाटाखालच्या गांवींहि पानाच्या डब्यांत चुनाळें असावयाचेंच. चुना कमी पडला तर विडा रंगत नाहीं, अधिक झाला तर तोंड भाजतें. या चुन्यांतील मूलद्रव्य, म्हणजे कॅल्शियम, आपल्या हृदयांत व मज्जापेशींतहि असेंच मात्रेचें काम करतें. आणि त्याचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें तें एका चुकीच्या कबुलीमुळें.

सन १८८२ मध्यें लंडनचे वैद्य सिडनी रिंगर यांनीं बेडकाच्या हृदयास मिठाचें पाणी देऊन तें कितपत चालतें हें पाहिलें व निष्कर्ष छापले. मागाहून त्यांस आढळलें कीं, तें पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचें होतें! शुद्ध पाणी घेतांच हृदयाचे ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यांतील कॅल्शियम तें चालवीत होतें. १८८३ मध्यें रिंगर यांनीं आपली चूक स्वतःच प्रसिद्ध केली.

पुढें असें कळलें कीं, पेशीच्या आंत मोकळें कॅल्शियम बाहेरच्याहून सुमारें दहा हजार पटींनीं कमी असतें. मज्जापेशी उत्तेजित झाली म्हणजे तिच्या आवरणांतील द्वारें क्षणभर उघडतात व कॅल्शियम आंत शिरतें. हाच पेशीस मिळालेला निरोप होय. परंतु तो वेळींच आवरला नाहीं तर पेशीचा नाश ओढवतो. येथें कॅल्शियम धरणारीं प्रथिनें उपयोगी पडतात. कॅल्बिंडिन व पार्व्हअल्ब्युमिन हीं तें झेलून निरोपाचा जोर व पल्ला मर्यादित करतात. कॅल्मोड्युलिन तें धरतांच आपला आकार बदलून इतर प्रथिनांस कामास लावतें.

१९७३ मध्यें क्रेट्सिंजर व नॉकोल्ड्स यांनीं कार्प माशाच्या पार्व्हअल्ब्युमिनची रचना प्रसिद्ध केली, तेव्हां कॅल्शियम धरणारी ती जागा पसरलेल्या तर्जनी-आंगठ्यासारखी दिसली. १९७६ मध्यें ग्रीन व टिशलर यांनीं उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदांतून पीसी-१२ नांवाच्या पेशी वाढविल्या. मज्जावर्धक प्रथिन दिलें कीं त्यांस मज्जापेशींप्रमाणें तंतु फुटतात. त्यामुळें असले निरोप काचेच्या बशींत तपासणें सुलभ झालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं २००१ मध्यें आमांशाच्या अमीबांतील अशाच एका प्रथिनाची रचना उलगडली. ज्यास मज्जातंतु मुळींच नाहींत, त्या एकपेशी जीवासहि कॅल्शियम धरणारे हात लागतातच!

रिंगर यांनीं ती चूक झांकली असती, तर नळाच्या पाण्याचा प्रताप मिठाच्या नांवावर जमा झाला असता. आपल्या घरांतील विद्यार्थ्यांस शोधांच्या कथा सांगतांना ही कबुलीहि अवश्य सांगावी.