चहाची पारख कशी होते?

भारतातील चहाचा पहिला जाहीर लिलाव १८६१ साली कोलकाता येथे झाला. लिलावापूर्वी तज्ज्ञ प्रत्येक नमुना चाखून त्याचे मूल्यांकन करतात. १९८० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ ३१०३’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात २ ग्रॅम चहा ६ मिनिटे झाकून ठेवला जातो. चहा रुचकर व्हावा हा त्यामागील हेतू नसून, सर्व नमुन्यांची समान निकषांवर तुलना व्हावी हा आहे. कोरडी पत्ती, भिजलेली पत्ती आणि अर्क हे तिन्ही तपासले जातात. अर्काचा घोट हवेसह जोराने ओढून, तोंडात घोळवून थुंकला जातो. दार्जिलिंग चहात सुगंध, तर आसामच्या चहात कडकपणा व गडद रंग शोधला जातो. मळ्याच्या मालाला मिळणारा दर बऱ्याच अंशी या एका घोटावर अवलंबून असतो.