‘पडीक’ या शब्दाचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांना मी इतिहास शिकवतो. अभ्यासक्रमात अमेरिकेचा इतिहास आहे आणि त्यात पश्चिमेकडील विस्ताराचे एक प्रकरण आहे. हे प्रकरण मुलांना आवडते. कापडी छताच्या बैलगाड्या, ऑरेगॉनची सुमारे दोन हजार मैलांची वाट, वाटेत पटकीने मेलेली माणसे, लाकूड न मिळणाऱ्या माळावर नांगराने गवताची ढेकळे कापून बांधलेली घरे, हे सारे म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार पाहिलेल्या मुलांना परके वाटत नाही. सरपण नसल्यामुळे ती माणसे गव्यांचे वाळलेले शेण वेचून चूल पेटवीत, असे सांगितले की मागच्या बाकावर हसू फुटते. गोरा साहेबही शेण्या वेचत होता, याचे ते हसू असते.

मग मी कायद्याकडे वळतो. १८४१ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर आधीच जाऊन बसलेल्या माणसाला ती जमीन सव्वा डॉलर एकराने विकत घेण्याचा पहिला हक्क दिला. २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तर किंमतही मागितली नाही. कुटुंबप्रमुखाने किंवा एकवीस वर्षांच्या माणसाने १६० एकर निवडावेत, थोडी फी भरावी, पाच वर्षे तिथे राहून जमीन कसावी, की ती त्याची. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही ही सवलत होती. या कायद्याखाली पुढे सुमारे सोळा लाख लोकांना सुमारे २७ कोटी एकर जमीन मिळाली.

एकदा हे सांगत असताना ठाकूरवाडीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, म्हणजे ते अतिक्रमणवालेच ना? आधी बसले, मग कागद झाला.”

वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. त्याच्या बापाचा वनहक्काचा दावा कित्येक वर्षे निकालाविना पडून आहे, हे मला नंतर कळले. पुस्तकात त्या माणसांना अग्रणी, साहसी, राष्ट्राचे शिल्पकार म्हटले आहे. आमच्याकडे हेच करणाऱ्याला अतिक्रमणदार म्हणतात. त्या दिवशी मी तासाची घंटा होण्याची वाट पाहिली. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

२

पहिली गोष्ट अशी, की ती जमीन रिकामी नव्हती. ती रिकामी करण्यात आली. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा केला. १८३८-३९ मध्ये चेरोकी जमातीची सुमारे सोळा हजार माणसे सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलली गेली, त्यांतली सुमारे चार हजार मेली. ज्या १८६२ साली होमस्टेडचा कायदा झाला, त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला मिनेसोटात डकोटा जमातीच्या ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनीचे कुटुंबवार तुकडे केले आणि उरलेली ‘जादा’ जमीन वसाहतवाल्यांना खुली केली. त्या वर्षी जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते. १९३४ साली ४ कोटी ८० लाख उरले.

बंदूक होतीच, पण जमीन टिकवली ती कागदाने. सामाईक जमिनीचा सात-बारा नसतो. ज्याचा कागद नाही त्याची जमीन पडीक ठरते, आणि पडीक ठरलेल्या जमिनीवर जो सरकारच्या मर्जीने येतो तो अग्रणी होतो. इतिहासकार फ्रेडरिक टर्नर याने १८९३ साली शिकागोत सिद्धान्त मांडला, की सीमेवरच्या मोकळ्या जमिनीने अमेरिकन माणूस आणि त्याची लोकशाही घडवली. ती जमीन मोकळी कोणी केली, हा प्रश्न त्याच्या मांडणीत जवळजवळ आलाच नाही.

३

आता आपल्या डोंगराकडे यावे. १८६५ साली कसारा घाटातून आगगाडी इगतपुरीला चढली. अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी आगगाडी १८६९ साली पुरी झाली, म्हणजे आमच्या घाटानंतर चार वर्षांनी. १८६५ सालीच पहिला जंगल कायदा आला आणि १८७८ च्या कायद्याने ‘राखीव’ हा शब्द पक्का केला. ठाणे जिल्ह्याच्या शेतकऱ्याला भाताची रोपे करायला राब लागतो. झाडांच्या फांद्या, पाला आणि गवत वाफ्यावर जाळल्याशिवाय रोप धरत नाही, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. या राबावरच बंधने आली. ओरड एवढी झाली की १८८५ साली सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. पण कमिशनपुढे अर्ज लिहिणारा हात कोणाचा असेल, हे सांगायला नको. कातकऱ्याला अर्ज लिहिता येत नव्हता. खैराचा कात काढणे हा त्याचा धंदा, त्याचे नावच त्यावरून पडले. खैर राखीव झाला तेव्हा कातकऱ्याचा कात गेला. मग तो दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्टीवर गेला आणि तिथून वीटभट्टीवर.

१८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण झाले. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर, नंतर भातसा. मुंबईच्या नळाला या डोंगराचे पाणी गेले आणि शहापूरच्या वाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट पाहावी लागते. आता समृद्धी महामार्गही याच डोंगरातून गेला, त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

स्थलांतर आमच्याकडेही पश्चिमेकडेच होते. दिवाळी झाली की ट्रक येतो. कुटुंब, भांडी, कोंबड्या, पोरे त्यात चढतात आणि कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर उतरतात. बयाणा आधीच खाऊन झालेला असतो, तो फेडता फेडता पाऊस येतो. वर्गातली पहिल्या सत्राची हजेरी आणि दुसऱ्या सत्राची हजेरी मी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा हा ट्रक मला दिसतो. अमेरिकन बैलगाडीच्या वाटेच्या शेवटी १६० एकर होते. आमच्या ट्रकच्या वाटेच्या शेवटी दुसऱ्याच्या घराच्या विटा आहेत.

आणि कागद? स्वातंत्र्यानंतर एकसाली प्लॉट दिले गेले, म्हणजे एका वर्षाच्या बोलीची जमीन. १९७८ साली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला. २००६ साली वनहक्क कायदा संमत झाला आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे देशाने प्रथमच कायद्यात लिहून कबूल केले. या कायद्यात आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा आहे. पण जंगलाच्या आधाराने जगणारा जो आदिवासी नाही, म्हणजे आपला बौद्ध, चर्मकार, मातंग, त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. परक्या खंडातून आलेल्या माणसाला पाच वर्षे, आणि घरच्या माणसाला पंचाहत्तर. ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडेच पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागायचा, हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो. त्यावर भाष्य करावे लागत नाही.

४

इथपर्यंत आपण सगळे एका बाजूला आहोत. आता अवघड भाग.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी निग्रोंना गुलामीतून मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले. ही अर्पणपत्रिका आपल्या चळवळीला पाठ आहे. पण त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतीराव आणखी एक तुलना करतात. युरोपियन वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर जे क्रौर्य केले, तसेच आर्यांनी येथील मूळ लोकांवर केले, असे ते म्हणतात. आर्यांच्या आगमनाविषयी आज विद्वानांचे काहीही मत असो, जोतीरावांनी अमेरिकेचे दोन्ही चेहरे पाहिले होते. आपण त्यांतला एकच उचलला. १९७२ साली दलित पँथरने काळ्या बंधूंच्या लढ्यातून नाव घेतले, ते योग्यच झाले. मूळ रहिवाशाला मात्र आपण सिनेमातला पिसे लावलेला ‘रेड इंडियन’ म्हणून सोडून दिले.

या दोघांची गाठ एका ठिकाणी पडते. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसाला दक्षिणेत जमीन मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्ये, चाळीस एकरांचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी तो फिरवला गेला. तेव्हा हजारो काळी कुटुंबे पश्चिमेकडे कॅन्ससला निघाली. १८७७ साली तिथे निकोडेमस नावाचे त्यांचे गाव वसले. माणसे जमिनीत खड्डे खणून राहिली. पण ज्या जमातीच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडले, त्या कॉ लोकांना १८७३ सालीच त्या राज्यातून बाहेर काढले गेले होते. गुलामाच्या मुलाला मिळालेली भाकर दुसऱ्याच्या ताटातून आली होती. निकोडेमसच्या आठवणींत असेही सांगतात, की पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपले मांस या उपाशी काळ्या माणसांना वाटून दिले.

हे वाचले तेव्हा मला आमची जमीन आठवली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. माझे आजोबा त्यात तुरुंगात गेले. पुढे काही वर्षांनी आमच्या कुटुंबाला दोन एकर वरकस मिळाली. त्या जमिनीने आम्हाला वेठीतून सोडवले, वडिलांना शाळेच्या दारापर्यंत नेले आणि मला पदवीपर्यंत. त्या मागणीचा न्याय मी आजही मानतो.

पण एकदा मी आजीला विचारले, “आपल्याला मिळाली तेव्हा ती जमीन पडीक होती ना?”

आजी म्हणाली, “पडीक कुठं व्हती? कातवडी नाचणी करायचं तिथं. त्यांना उठवलं, मंग आपल्याला दिली.”

“ते कुठं गेले?”

“भट्टीवर,” आजी म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

कातकऱ्यांना आम्ही उठवले नाही. उठवणारा हात सरकारचा होता. गावातल्या बागायती जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, सावकाराने गिळलेल्या जमिनी यांना त्या हाताने धक्का लावला नाही. दोन उपाशी माणसांमध्ये दोन एकर वरकस टाकली आणि त्याला जमीनवाटप म्हटले. तरीही ‘पडीक’ हा सरकारचा शब्द आम्ही तोंडात घेतला, तो तपासून पाहिला नाही, एवढा दोष आमचा आहे. अस्पृश्याने ज्या नजरेविरुद्ध शतकानुशतके लढा दिला, ती समोरचा माणूस असून नसल्यासारखा पाहणारी नजर त्या शब्दात आहे.

५

यावरून कोणी असे म्हणेल, की दलितांची जमिनीची मागणीच चुकीची होती. तसे मुळीच नाही. भूमिहीनाला जमीन हवीच. प्रश्न ती कोणाकडून घ्यायची हा आहे, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून, हे त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या अनुयायांना तरी नवे नाही.

आमच्या भागात वनहक्काचे दावे अजून चालू आहेत. ग्रामसभेत वनहक्क समिती बसते, नकाशा पसरला जातो. तेव्हा कार्यकर्त्यांनी, आणि सुटीत गावी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी, एक काम करावे. बौद्धवाडीचा दावा लिहिताना कातकरीवाडीच्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवावे. कोणत्या उतारावर कोण नाचणी करत होते, वरी कुठे होती, कंद कुठले, मूठमाती कुठे दिली, हे त्याच्या तोंडून उतरवून घ्यावे. ज्येष्ठांचे निवेदन हा त्या कायद्यात मान्य असलेला पुरावा आहे. त्याची साक्ष आपल्या पंचाहत्तर वर्षांना लागेल, आपले अक्षर त्याच्या दाव्याला लागेल.

मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे. आमच्या दोन एकरांवर पूर्वी कोण होते, त्यांची नावे आजीला आठवतात. तीन नावे मी वहीत लिहून घेतली. त्यांतल्या एकाचा नातू आज भट्टीवर आहे आणि त्याची मुलगी यंदा अकरावीला आमच्याच गावातून एस.टी.ने येते. पुढल्या वर्षी अमेरिकेचे प्रकरण शिकवताना ती माझ्या वर्गात नसेल, तिला तिथवर यायला अजून वेळ आहे. ती येईल तेव्हा ‘मोकळी जमीन’ हे शब्द मी अवतरणचिन्हांत शिकवीन.