अर्ध्या आण्यासाठी केलेला संप

खडकवासल्याच्या जलाशयाला इंग्रजी अमदानीत ‘लेक फाइफ’ म्हणत. मुठेवरच्या या धरणाची आखणी करणाऱ्या कर्नल फाइफ यांचं ते नाव. धरण 1879 मध्ये पूर्ण झालं. पण त्याआधीच, 1876च्या पावसाने दगा दिला आणि दख्खनवर दुष्काळ कोसळला.

सरकारने कालवे, तलाव, रस्ते अशी दुष्काळी कामं काढली. नीरा कालव्याची सुरुवात त्याच वेळची. कुणबी बायकापोरांसह कामावर आले. पुरुषांनी खणायचं, खडी फोडायची. बायकांनी पाट्या वाहायच्या. धान्य महागलं तसा मजुरीचा हिशेबही बाजारभावाला जोडला गेला. पुरुषाला रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर.

जानेवारी 1877 मध्ये तेवढंही डोळ्यांवर आलं. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं होतं. याच टेंपल यांनी 1874च्या दुष्काळात बिहारमध्ये सढळ हाताने धान्य पुरवून माणसं जगवली होती आणि उधळपट्टीचा ठपका घेतला होता. आता त्यांनी काटकसर दाखवली. हलक्या कामावरच्या मजुरांचा वरचा आणा अर्धा केला गेला. अंगात थोडं बळ दिसेल त्याला घरापासून लांबच्या सार्वजनिक बांधकामांवर धाडायचं ठरलं.

मजुरांनी नकार दिला. हजारोंनी कामं सोडली, आणि खुद्द त्या काळच्या लिखाणात याला ‘संप’ म्हटलं गेलं. हजेरी घटली, म्हणजे लोकांना गरजच नव्हती, असा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला. हा अर्थ चुकीचा होता आणि निर्दय होता. उपाशी माणूस मजुरी नाकारतो, तेव्हा ती मजुरी त्याला जगवत नसते.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने हे ओळखलं. 1870 मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने निघालेल्या या सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा केली, सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त अन्न मिळतं, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. मद्रासेत तिथले आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही एका पौंडाला विरोध केला आणि तिथलं प्रमाण त्याच वर्षी वाढलं.

पुढे दुष्काळात सरकारने काय करायचं हे ठरवणारी दुष्काळ संहिता तयार झाली. 1896 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सभेची माणसं खेडोपाडी जाऊन त्यातले हक्क रयतेला समजावू लागली, टिळकांचा ‘केसरी’ही तेच सांगत होता. सरकारने 1897 मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली.

कामाचा हक्क कायद्यात यायला मात्र बराच काळ जावा लागला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, असं बंधन सरकारवर घालणारा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 रोजी अमलात आला. खडकवासल्याचं धरण पूर्ण होऊन तेव्हा शंभर वर्षं झाली होती.