खांब एक, तारा अनेक

आज आपल्या दारासमोरच्या विजेच्या खांबाविषयी बोलू या. मान वर केली की आधी विजेच्या तारा दिसतात, त्यांच्या खाली टीव्हीची केबल आणि हल्ली इंटरनेटची काळी वायरही. खांब एकच, पण त्याला टांगणारे किती! मग खांबावर हक्क कोणाचा, आणि भाडं कोणाला?

याचं उत्तर जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी गाडी आपल्या सौंदडवरून धावू लागली. अशा रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब असत, आणि देशात बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या व तार खात्याच्या तारा एकाच खांबांवरून जात. खांब रोवायला १८८५ च्या तार कायद्याचा आधार होता. खांब कोणाच्या बांधीत उभा राहिला तरी जमीन मालकाचीच राहायची, आणि नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागायची.

पुढे वीज आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्याआधीच, १९५६ च्या वीज नियमांत विजेची आणि टेलिफोनची तार एकाच खांबावरून न्यायची तर काय काळजी घ्यायची, हे लिहिलेलं होतं. टेलिफोनची तार सहज तुटू नये, आणि विजेचा धक्का तिच्यावाटे घरात शिरू नये. म्हणजे एका खांबावर दोघांनी राहायचं, पण अटी पाळून.

२००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि वितरणाचं काम महावितरणकडे आलं. त्याआधी आलेल्या २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५१ आपण बायांनी लक्षात ठेवावं असं आहे. वीज कंपनी आपल्या खांबांचा दुसऱ्या धंद्यासाठी उपयोग करू शकते, पण आधी आयोगाला कळवून. आणि त्या कमाईतला आयोगाने ठरवलेला हिस्सा वीज वाहून नेण्याचा आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. कारण खांबाचा खर्च शेवटी आपल्याच बिलातून निघतो.

आपल्या गटाची मोठी भांडी लग्नाला गेली, तर वहीत नोंद होते. कोणी नेली, भाडं किती, पोचा पडला तर भरणार कोण. खांबाचा करारही तसाच. नोंदीशिवाय टांगलेल्या वायरचं भाडं बुडतं. वादळात ती खाली लोंबली, तर धनी सापडत नाही. वर चढणाऱ्या लाइनमनलाही ती आडवी येते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत आम्ही एवढंच विचारणार आहोत: आपल्या गावच्या खांबांवर कोणाकोणाच्या वायरी आहेत, आणि त्यांचे करार झाले आहेत का? तुम्हीही आपापल्या गावात विचारा. आणि लोंबती तार दिसली, तर ती केबलचीच असेल असं समजू नका. हात लावू नका, मुलांना, जनावरांना दूर ठेवा आणि १९१२ वर कळवा.