कान्हेरीचे अकरा चेहरे

जपानी संस्कृती म्हटली की हायकू, चहाचा सोहळा, सामुराई अशी ठरलेली चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. जपानी धर्मजीवनात रुजलेल्या एका देवतेचे दुर्मीळ पाषाणरूप बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, याची जाणीव उपनगरात राहणाऱ्यांनाही क्वचितच असते. कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यात बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची उभी मूर्ती कोरलेली आहे. तिच्या मस्तकावर लहान लहान शिरांची उतरंड असून मुख्य मुखासह ती संख्या अकरा होते. हे शिल्प साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले.

या एकादशमुख रूपाचे सूत्र यशोगुप्ताने सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी भाषेत नेले. ६५६ मध्ये ह्युएनत्संगाने ते पुन्हा अनुवादिले. पुढची तीन मुखे करुणेची, तीन क्रोधाची, तीन सुळे दाखवणारी, माथ्यावर बुद्धमुख आणि पाठीमागे एक खदखदून हसणारे मुख, असे त्यातले विधान आहे. चीनमार्गे हेच रूप जपानला पोचले आणि 'जुइचिमेन कान्नोन' झाले. जपानने ते कान्हेरीहून घेतले असे म्हणता येत नाही. पण दोन्हींचे मूळ एकच. कातळातल्या उठावशिल्पाला पाठ नसते, म्हणून ते हसरे मुख कान्हेरीत दिसणे शक्यच नाही. जपानी कारागिरांनी लाकडात सर्व बाजूंनी मूर्ती घडवल्या. शिगा प्रांतातल्या कोगेन-जी येथील मूर्तीच्या मागे गेले की ते हास्य समोर येते. १५७० च्या लढाईत गावकऱ्यांनी ही मूर्ती जमिनीत पुरून वाचवली, असे तिथे सांगतात.

नारा येथील तोदाइ-जीचे उदाहरण याहून बोलके आहे. ७५२ मध्ये तिथल्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. त्याच वर्षी त्या परिसरात एकादशमुख कान्नोनपुढे सर्व जनांच्या वतीने पापक्षालनाचा विधी सुरू झाला. दरवर्षी मार्चमध्ये अकरा भिक्षू तो करतात आणि आजवर त्यात एकदाही खंड पडलेला नाही. ज्या मूर्तीपुढे हे सारे चालते ती मात्र कायम बंद असते; विधी करणारे भिक्षूही ती पाहत नाहीत.

इथे नेमके उलटे आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानावर वाढलेला कान्हेरीचा विहार मध्ययुगात ओस पडला. मूर्ती उरली, कुणालाही दिसेल अशी उघडी उरली. तिच्यापुढे काय म्हणावे हे जाणणारी परंपरा उरली नाही. तिकडे मूर्ती दृष्टीआड असूनही तिचा अर्थ तेराशे वर्षांच्या उंबरठ्यावर जिवंत आहे. आपण वारशाची चिंता करतो ती बहुधा दगडाची असते. कान्हेरीचा दगड शाबूत आहे. परंतु त्या अकरा मुखांपैकी कोणते काय सांगते हे समजून घ्यायला आज आपल्याला चिनी अनुवाद आणि जपानी मंदिरे यांचाच आधार घ्यावा लागतो. हरवले ते हे वाचन. आणि ते दगडावरच्या छिन्नीच्या खुणांइतके सहज परत मिळत नाही.