कॅराव्हॅन आणि मोटारगाडी यांची वजनजुळणी

मोटारगाडीच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या निवासी कॅराव्हॅनचे वजन त्या मोटारीच्या वजनाशी व ओढण्याच्या क्षमतेशी सुसंगत आहे की नाही, हे प्रवासापूर्वी ठरविण्याच्या पद्धतीला वजनजुळणी म्हणतात. ब्रिटनमध्ये मोटार व कॅराव्हॅन यांच्या जोडीला ‘आउटफिट’ आणि या पद्धतीला ‘आउटफिट मॅचिंग’ अशी नावे आहेत. जुळणी चुकल्यास वेगात असलेली कॅराव्हॅन डावीउजवीकडे झोके घेऊ लागते. झोके आवरले नाहीत, तर ती उलटते आणि कधी कधी मोटारीलाही सोबत नेते.

भारतात ‘कॅराव्हॅन’ हा शब्द बहुधा राहण्याची सोय केलेल्या, स्वतःचे इंजिन असलेल्या वाहनासाठी वापरला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर तो अधिक परिचित झाला. प्रस्तुत लेखातील कॅराव्हॅनला मात्र इंजिन नसते. तिचा प्रसार मुख्यतः ब्रिटन, युरोप व ऑस्ट्रेलिया येथे आहे आणि पुढील विवेचन प्रामुख्याने ब्रिटनमधील प्रथेस अनुसरून आहे.

== वजनांच्या संज्ञा ==

जुळणीत होणाऱ्या चुकांचे मूळ पुष्कळदा संज्ञांच्या घोटाळ्यात असते. मोटारीच्या रिकाम्या वजनाला कर्बवेट म्हणतात. ब्रिटिश व्याख्येनुसार त्यात पूर्ण भरलेली इंधनटाकी धरतात, पण चालक धरत नाहीत. युरोपीय व्याख्येत टाकी ९० टक्के भरलेली असते आणि चालक व त्याचे किरकोळ सामान यांचे ७५ किलोग्रॅम मिळविलेले असतात. त्यामुळे एकाच मोटारीचे दोन ठिकाणी दिलेले आकडे वेगळे दिसू शकतात. गणित करताना यांपैकी लहान आकडा धरणे सुरक्षित होय.

कॅराव्हॅनचे कारखान्यातून निघतानाचे वजन ‘मायरो’ या नावाने, तर सामानासह अनुज्ञेय असलेले कमाल वजन ‘एमटीपीएलएम’ या नावाने ओळखले जाते. या दोहोंतील फरक म्हणजे सामानासाठी उरलेली मुभा. ही मुभा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण भांडी, अंथरुणे, कपडे, पाणी आणि दाराबाहेर उभारावयाचा कापडी मांडव हे सारे तीत मोडते. गॅस सिलिंडर व बॅटरी यांचे वजन मायरोमध्ये आधीच धरले आहे किंवा नाही, हे निर्मात्यागणिक बदलते.

मोटार, कॅराव्हॅन, माणसे व सामान मिळून होणाऱ्या वजनाची मर्यादा ‘ग्रॉस ट्रेन वेट’ या नावाने मोटारीवरील पट्टीवर कोरलेली असते. याखेरीज मोटारनिर्माता ओढण्याच्या वजनाची स्वतंत्र मर्यादा देतो. युरोपात ही मर्यादा ठरविताना १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघता आले पाहिजे, अशी कसोटी असते. म्हणजेच हा आकडा इंजिन व क्लच यांच्या बळाविषयी सांगतो. वेगात ती जोडी किती स्थिर राहील, हे त्यावरून कळत नाही.

== ८५ टक्क्यांचा संकेत ==

ब्रिटनमधील कॅराव्हॅन संघटना दीर्घकाळ असा सल्ला देत आल्या आहेत की, कॅराव्हॅनचे सामानासह वजन मोटारीच्या कर्बवेटच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. अनुभवी चालकांनी १०० टक्क्यांपर्यंत जाण्यास हरकत नाही, परंतु त्यापलीकडे कोणीही जाऊ नये, असेही त्या सांगतात. हा कायदा नव्हे. पट्टीवरील मर्यादा ओलांडणे हा गुन्हा आहे. ८५ टक्के ओलांडणे हा गुन्हा नाही. गणितासाठी कॅराव्हॅनचा एमटीपीएलएम घेतात, कारण सामानाचा नेमका अंदाज फार थोड्यांना असतो.

उदाहरणादाखल १,६०० किलोग्रॅम कर्बवेटची एक मोटार घेऊ. तिचे ८५ टक्के म्हणजे १,३६० किलोग्रॅम. तेव्हा १,३५० किलोग्रॅम एमटीपीएलएमची कॅराव्हॅन तिला शोभते असे दिसते. आता मोटारीचे प्रवासी व सामानासह कमाल वजन २,१५० आणि ग्रॉस ट्रेन वेट ३,४५० किलोग्रॅम आहे असे समजू. मोटार पूर्ण भरल्यावर कॅराव्हॅनसाठी १,३०० किलोग्रॅमच उरतात. म्हणजे एका कसोटीत उत्तीर्ण झालेली जोडी कुटुंबासह सहलीला निघताच दुसऱ्या कसोटीत ५० किलोग्रॅमने नापास होते. म्हणून प्रत्येक मर्यादा स्वतंत्रपणे तपासून त्यांतील सर्वांत लहान आकडा मानावा लागतो.

विद्युत मोटारींमुळे या संकेताची उणीव अधिक ठळक झाली आहे. जड बॅटरीमुळे त्यांचे कर्बवेट मोठे असते व गुणोत्तर अनुकूल दिसते; तथापि त्यांपैकी काहींना निर्मात्याने ओढण्याची परवानगी अत्यल्प दिलेली असते किंवा मुळीच दिलेली नसते.

== हेलकाव्यांची कारणे ==

कॅराव्हॅनच्या नागमोडी झोक्यांना ‘स्नेकिंग’ म्हणतात. मोठा ट्रक किंवा बस शेजारून जाताना बसणारा हवेचा धक्का, पुलावरील आडवा वारा किंवा अचानक फिरविलेले सुकाणू यांमुळे कॅराव्हॅन जोडणीच्या बिंदूभोवती किंचित वळते. चाकांचे घर्षण तिला परत सरळ करते, पण ती मध्यावर न थांबता दुसऱ्या बाजूस जाते. कमी वेगात हे झोके एकदोन आवर्तनांत विरतात. वेग वाढतो तसा विरण्यास अधिक काळ लागतो. एका ठरावीक वेगापलीकडे, ज्यास क्रांतिक वेग म्हणतात, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. चालकाला याची आगाऊ सूचना बहुधा मिळत नाही. ९० किलोमीटर वेगाला निमूट मागे येणारी कॅराव्हॅन उतारावर ११० ला अनावर होऊ शकते.

जड मोटार कॅराव्हॅनच्या आडव्या ओढीला अधिक विरोध करते, हे ८५ टक्क्यांच्या संकेतामागील तर्कशास्त्र होय. परंतु वजन हा एकमेव घटक नाही. बाथ विद्यापीठातील अभियंत्यांनी वजनांची मांडणी बदलता येणाऱ्या ट्रेलरवर घेतलेल्या चाचण्यांत केवळ एकूण वजनाचा परिणाम तुलनेने कमी आढळला. वजनाची विभागणी, आसाचे स्थान व नोजवेट हे घटक अधिक प्रभावी ठरले. दोन चाकांमधील अंतर जास्त असलेली आणि मागील चाकांपासून टो बॉलपर्यंतचा भाग आखूड असलेली मोटारही स्थिरतेस उपकारक असते.

== सामानाची मांडणी आणि नोजवेट ==

वळण्याला होणारा जडत्वाचा विरोध आसापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० किलोग्रॅमची पेटी आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवण्याऐवजी दोन मीटरवर ठेवली, तर तिचा परिणाम चौपट न होता सोळापट होतो. म्हणून जड वस्तू आसाच्या लगत व जमिनीवर, तर हलक्या वस्तू वरच्या कपाटांत ठेवतात. मागच्या टोकाला सायकली लटकविण्याची सवय या दृष्टीने सर्वांत वाईट. एकूण वजन मर्यादेत असूनही ती जोडी अस्थिर करते.

कॅराव्हॅनचा पुढचा दांडा टो बॉलवर ज्या भाराने खाली दाबतो त्याला नोजवेट म्हणतात. तो कॅराव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, असा ब्रिटिश संकेत आहे. अमेरिकेत मात्र १० ते १५ टक्के भार ठेवण्याची प्रथा आहे. भार फार कमी असल्यास झोके लवकर सुरू होतात. तो फार जास्त असल्यास मोटारीचा मागचा भाग खाली बसून पुढच्या चाकांची पकड सैल होते. वरील उदाहरणातील कॅराव्हॅन १,३०० किलोग्रॅमवर आणली, तर ६ टक्क्यांनी नोजवेट ७८ किलोग्रॅम येईल. मोटारीच्या टो बॉलची मर्यादा ७५ असल्यास तीच पाळावी लागते. हा भार साध्या मापकाने घरीही मोजता येतो. संपूर्ण वजनासाठी सामान भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जाणे हाच खात्रीचा उपाय आहे.

== स्थिरीकरण उपकरणे आणि चालकाचे वर्तन ==

टो बॉल घट्ट धरून घर्षणाने झोके शमविणारी हिच आणि झोके ओळखून कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही प्रचलित उपकरणे आहेत. अनेक मोटारींची स्थिरता यंत्रणाही ट्रेलरचे झोके ओळखते. ही उपकरणे क्रांतिक वेगापर्यंतचे अंतर वाढवितात, पण चुकीची जुळणी दुरुस्त करीत नाहीत.

स्नेकिंग सुरू झाल्यास ॲक्सिलरेटरवरील पाय उचलून वेग हळूहळू उतरू द्यावा आणि जोरात ब्रेक लावू नये, असे ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये सांगितले आहे. झोक्यांविरुद्ध सुकाणू फिरविण्याचा प्रयत्न बहुधा ते वाढवितो, कारण माणसाची प्रतिक्रिया अर्ध्या झोक्याने उशिरा पोहोचते. वेग वाढवून कॅराव्हॅन ‘ताणून सरळ’ करण्याचा जुना सल्ला धोकादायक आहे.

== कायदेशीर तरतुदी ==

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढताना दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, तर दुभाजकाच्या रस्त्यावर व मोटरवेवर ६० मैल ही कमाल वेगमर्यादा आहे. ७५० किलोग्रॅमहून जड ट्रेलरला ब्रेक अनिवार्य आहेत. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीचा परवाना मिळविणाऱ्यांना जड कॅराव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ही अट रद्द झाली आणि साध्या परवान्यावर ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढण्यास मुभा मिळाली. परीक्षा गेल्यामुळे वजनाचे गणित तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकावर आली.

जर्मनीत गुणोत्तर हे थेट नियमातच बांधलेले आहे. तेथे सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर असून १०० किलोमीटरची सवलत मिळविण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या कॅराव्हॅनचे कमाल वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीत असावे लागते. मान्य स्टॅबिलायझर बसविल्यास ही मर्यादा १.० पट होते. कॅराव्हॅनचे टायर सहा वर्षांहून जुने नसावेत, अशीही अट आहे.