सुट्ट्यांचा हंगाम आणि हॉटेलांची समाजमाध्यमांवरील जाहिरात

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी हे देशातील हॉटेल व उपाहारगृह व्यवसायाचे प्रमुख हंगाम आहेत. एखादी खोली रात्रभर रिकामी राहिली, तर त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते. तो माल गोदामात ठेवून पुढे विकता येत नाही. त्यामुळे या मोजक्या आठवड्यांत ग्राहकांपर्यंत वेळेवर पोहोचणे व्यावसायिकांसाठी अत्यावश्यक ठरते. वृत्तपत्रातील जाहिरात, प्रवासी संस्था आणि रस्त्यावरील फलक यांच्या जोडीला आता फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅप ही माध्यमे आली आहेत. चार खोल्यांच्या घरगुती निवासालाही त्यांमुळे थेट ग्राहक मिळू शकतो. मात्र, तेथे दिलेले आश्वासन कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच असते.

प्रांतोप्रांतीचे हंगाम

सुट्टीचा काळ देशभर सारखा नसतो. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधील कुटुंबे दार्जिलिंग, पुरी अशा ठिकाणी जातात. गुजरातमध्ये दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत अनेक पेढ्या व दुकाने बंद असतात. त्या दिवसांत उदयपूर, माउंट अबू आणि दीव गजबजून जातात. महाराष्ट्रात दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीत कोकण आणि महाबळेश्वरकडे ओघ असतो, तर गोव्यात नाताळ ते नववर्ष या काळात गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

जाहिरात कोणत्या भाषेत, कोणत्या शहरात आणि केव्हा करावी, हे यावरूनच ठरते. माउंट अबूमधील हॉटेलचालकाला अहमदाबाद व सुरतेच्या कुटुंबांशी गुजरातीतून बोलणे उपयोगी पडते. मालवणच्या निवास-न्याहारी चालकाचा ग्राहक पुणे, मुंबई किंवा कोल्हापुरात असतो. उपाहारगृहाचा ग्राहक मात्र बहुधा त्याच शहरातील असतो. त्यामुळे दिवाळीचा फराळ, नाताळचा केक किंवा ३१ डिसेंबरचे भोजन यांची माहिती जवळच्या परिसरापुरती दाखविणे त्यांना पुरेसे होते.

खर्चाचे गणित

फेसबुक व इन्स्टाग्रामवर सशुल्क जाहिरातींची जागा लिलावपद्धतीने दिली जाते. प्रेक्षकांचे ठिकाण, वय, भाषा आणि रोजच्या खर्चाची मर्यादा जाहिरातदार ठरवितो. एकाच प्रेक्षकवर्गासाठी बोली लावणारे वाढले, की तेवढ्याच पैशांत कमी लोकांपर्यंत पोहोचता येते. सणासुदीला कपडे, मोबाइल आणि वाहने विकणाऱ्या मोठ्या कंपन्याही याच लिलावात असतात. म्हणून ऐन हंगामात खर्च करण्यापेक्षा काही आठवडे आधी सुरुवात करणे छोट्या व्यावसायिकाच्या हिताचे असते.

जुन्या ग्राहकांशी राखलेला संपर्क त्याहून स्वस्त पडतो. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सअॅप बिझनेस या सेवेत खोल्यांची किंवा खाद्यपदार्थांची दरांसह सूची ठेवता येते. असे संदेश ग्राहकाच्या संमतीनेच पाठविणे अपेक्षित आहे.

कायद्याची चौकट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. पुन्हा उल्लंघन झाल्यास ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. वस्तूची वा सेवेची भलामण करणारी व्यक्तीही या कक्षेत येते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. मोबदल्याच्या व्याख्येत केवळ पैसे नव्हेत, तर मोफत प्रवास आणि हॉटेलमधील मोफत मुक्काम यांचाही समावेश आहे. असा लाभ घेतला असल्यास तो स्पष्टपणे आणि भलामण ज्या भाषेत केली त्याच भाषेत सांगणे आवश्यक आहे. चित्रफितीत ही माहिती दृश्य आणि ध्वनी या दोन्ही रूपांत द्यावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले; प्रसिद्धीच्या वेळी ते ऐच्छिक होते.

दि. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या क्लृप्त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. खोल्या शिल्लक असताना ‘शेवटच्या दोनच खोल्या’ असे सांगून घाई करणे किंवा सुरुवातीला कमी दर दाखवून अखेरीस अधिक आकार जोडणे, हे प्रकार त्यांत मोडतात.

फसवणूक आणि दक्षता

हंगामातील घाईचा लाभ भामटेही घेतात. खऱ्या हॉटेलाची छायाचित्रे वापरून बनावट पान तयार केले जाते आणि आगाऊ रक्कम घेऊन संपर्क तोडला जातो. ग्राहकाला याची जाणीव अनेकदा सामानासह दारात पोहोचल्यावर होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथ व चारधाम यात्रेच्या पार्श्वभूमीवर अशा बनावट आरक्षणांबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यात बनावट संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील पाने यांचा उल्लेख होता.

पैसे पाठविण्यापूर्वी हॉटेलाचा दूरध्वनी क्रमांक अन्य मार्गाने पडताळणे, खाते व्यक्तीच्या नावे आहे की संस्थेच्या हे पाहणे आणि आरक्षण रद्द करण्याच्या अटी लेखी मागणे श्रेयस्कर ठरते. आर्थिक फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर, तर सेवेविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

अशा फसवणुकीची झळ प्रामाणिक व्यावसायिकालाही बसते, कारण फसलेला ग्राहक पुढील आगाऊ रक्कम देताना कचरतो. आपल्या अधिकृत पानावर पूर्ण पत्ता, करांसह एकूण दर, चालू वर्षाची छायाचित्रे आणि उपाहारगृह असल्यास अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक ठळकपणे दिल्यास ग्राहकाला खरे आणि बनावट यांतील फरक ओळखणे सुलभ होते.